एकच कॅरेक्टर घासायचं की दोन-तीन हाताशी ठेवायची? फायटिंग गेमवाले या

झांगीफ_नाशिककर

नमस्कार मंडळी, बरेच महिने इथे फक्त वाचत होतो, आज पहिल्यांदा धागा काढतोय कारण गेल्या रविवारपासून दुसरं काही सुचतच नाहीये.

मी मूळचा नाशिकचा, नोकरीला पुण्यात. स्ट्रीट फायटर ६ आला तेव्हापासून, म्हणजे जून २०२३ पासून फक्त झांगीफ खेळतो, जवळ जाऊन पकडणारा पैलवान. बाकी कुठलं कॅरेक्टर ट्रेनिंग मोडच्या बाहेर काढलंच नाही म्हटलं तरी चालेल. २५,००० एलपी (रँकचे पॉइंट) करून मास्टर रँकला पोचलो त्याला आता वर्ष होऊन गेलं. जवळ पोचलो की समोरच्याला काय वाटत असेल ते मला बरोबर कळतं, उडी मारणार की बॅकडॅश करणार की घाबरून जॅब दाबणार, आणि हे कळणं मला प्रचंड आवडतं, म्हणूनच हा गेम खेळतो.

रविवारी एक छोटी टूर्नामेंट होती, २०-२२ जण असतील. दुसऱ्याच राउंडला समोर गाईल, लांबून सॉनिक बूम फेकत राहणारा. पहिली गेम मी त्याच्या जवळ दोनदा पोचलो असेन फक्त, बाकी वेळ सॉनिक बूम खात किंवा ब्लॉक करत कोपऱ्यात गेलो आणि कोपऱ्यातच संपलो. मग मनात आलं की हा मॅचअपच, म्हणजे कॅरेक्टरांची ही जोडीच, अशी आहे, १९९१ पासून गाईल झांगीफला असाच लांब ठेवतोय, आता काय होणार, आणि मी ल्यूक घेतला. ल्यूक मी आधीच्या दोन आठवड्यांत थोडाफार खेळलो होतो, तीन कॉम्बो पाठ होते. तो उडी मारून आला, मला ड्रॅगन पंच मारायचा होता आणि बोटांनी दोन पंच एकत्र दाबले, कारण झांगीफला दोन पंच म्हणजे लॅरियट (गोल फिरून मार) आणि माझा अँटी-एअर (उडी मारून येणाऱ्याला पाडणारा मूव्ह) गेली दोन वर्षं तोच आहे. ल्यूक नुसता उभा राहून पंच मारत राहिला. ०-२.

आता मित्रांचे दोन गट पडलेत. एक म्हणतो ल्यूक नीट शिक आणि वाईट मॅचअपला तोच काढ. दुसरा म्हणतो ल्यूक डिलीट कर, झांगीफनेच गाईलला मारायला शिक. मला खरंच कळत नाहीये. नोकरी सांभाळून रोजचा एक ते दीड तास मिळतो, तो कुठे घालू?

ठाकुर्ली_लोकल

झांगीफमध्ये घाल. सगळाच्या सगळा.

एक ना धड भाराभर चिंध्या ही म्हण या गेमसाठीच केलेली असावी असं मला वाटतं. बघ, तू स्वतःच लिहिलंयस काय झालं ते. बोटांनी लॅरियट दाबला. हात एका कॅरेक्टरवर बसायला वर्षं लागतात आणि टेन्शनमध्ये हात जिथे बसलाय तिथेच जातो, दोन आठवड्यांचं पाठांतर तिथे उपयोगाला येत नाही.

आणि मोठ्या स्टेजवरचं बोलायचं तर २०१३ चा इव्हो, म्हणजे फायटिंग गेमची सगळ्यात मोठी स्पर्धा, सिंगापूरच्या झियानने जिंकला तो जेन घेऊन, आणि जेनला तेव्हा कोणी फार भाव देत नव्हतं. २०१४ ला फ्रान्सचा लफी रोज घेऊन जिंकला, तेही पहिल्या प्लेस्टेशनच्या जुन्या पॅडवर. २०१७ ला टोकिडो अकुमा घेऊन. या लोकांनी आपल्या कॅरेक्टरचा कोपरान् कोपरा झाडून काढलेला होता. समोरच्याने जेनविरुद्ध किती गेम खेळल्या असतील? आणि झियान तर रोज जेनच खेळत होता. हा जो अनोळखीपणाचा फायदा असतो ना तो एकाच कॅरेक्टरवाल्याला मिळतो, आणि झांगीफ म्हणजे अजूनही लोकांना भीती वाटणारं कॅरेक्टर आहे, ती भीती सोडून सगळे खेळतात त्या ल्यूकवर कशाला जायचं.

फ्रेम_मोजणारा

धागाकर्त्याने एक गोष्ट लक्षात घ्यावी जी बहुतेक लोक काउंटरपिकचा (समोरच्याला बघून कॅरेक्टर बदलण्याचा) विचार करताना विसरतात, ती म्हणजे नियम. जिंकणाऱ्याला कॅरेक्टर बदलता येत नाही, हरणाऱ्याला येतं. सुरुवातीचे राउंड फर्स्ट टू टू (आधी दोन गेम जिंकेल तो पुढे) असतात. म्हणजे तुमचं दुसरं कॅरेक्टर बाहेर येणार कधी, तर एक गेम हरल्यावर. आणि तिथून पुढे दोन्ही गेम जिंकायला लागणार, त्याही ज्या कॅरेक्टरवर तुमचा हात कमी बसलाय त्याने. बरं, तुम्ही एक जिंकलात की आता तो हरलेला, म्हणजे त्यालाही बदलायची मुभा. फर्स्ट टू थ्रीला थोडी हवा मिळते, पण तुम्ही हरलात ते फर्स्ट टू टू.

दुसरं गणित मॅचअपचं. स्ट्रीट फायटर ६ आला तेव्हा १८ कॅरेक्टर होती, टेक्केन ८ तर ३२ घेऊन आला आणि दोन्हीकडे दरवर्षी भर पडतेय. एका कॅरेक्टरने खेळायचं तर १८ मॅचअप शिकायचे, दोन घेतले की कागदावर ३६. काही ज्ञान दोन्हीकडे चालतं हे मान्य, म्हणजे केनच्या कुठल्या मूव्हनंतर आपला टर्न आहे हे तुम्ही कोणीही असलात तरी तेच, पण त्या टर्नमध्ये दाबायचं काय, किती लांबून पोचतं, हे सगळं परत शिकायला लागतं. ४ फ्रेमचा जॅब म्हणजे सेकंदाचा पंधरावा भाग. तिथे आठवून दाबणं शक्य नाही, हातालाच माहीत असावं लागतं.

रोजचा दीड तास असेल तर माझं मत ठाकुर्लीकरांच्या बाजूने.

मृदुला_नागपूर

मी टेक्केनवाली, पण लिहिल्याशिवाय राहवत नाही कारण वरचे दोन्ही प्रतिसाद अर्धीच गोष्ट सांगतायत.

ठाकुर्लीकर, २०१३, २०१४, २०१७ सांगितलंत, मग २०१८ का गाळलंत? त्या वर्षी इंग्लंडच्या प्रॉब्लेम एक्सने जिंकला, बायसन त्याचा मुख्य आणि सोबत ॲबिगेल तयार ठेवलेला, आणि फायनलला समोर कोण तर अकुमावाला टोकिडोच. २०१५ ला मोमोची केन आणि एव्हिल र्यू दोन्ही घेऊन जिंकला. इन्फिल्ट्रेशनची तर ओळखच अशी की समोर कोण आहे ते बघून हा काय काढेल सांगता येत नाही, २०१३ ला त्याने हाकान काढला होता, तेलाने माखलेला पैलवान, तेव्हा बघणाऱ्यांचा विश्वास बसला नव्हता. म्हणजे इतिहास दोन्ही बाजूंनी साक्ष देतो.

दुसरी गोष्ट पॅच, म्हणजे गेममध्ये मधूनच केले जाणारे बदल. इन्फिल्ट्रेशनने २०१६ चा इव्हो नॅश घेऊन जिंकला आणि पुढच्याच सीझनला नॅशची ताकद काढून घेतली. तो नॅशला मिठी मारून बसला असता तर? २०१८ चा इव्हो जपान तो मेनाट घेऊन जिंकला. आमच्याकडे टेक्केन ७ मध्ये डिसेंबर २०१९ ला लेरॉय आला आणि दीड महिन्यात इव्हो जपान २०२० ला टॉप ८ मध्ये जिकडे बघावं तिकडे लेरॉय, जिंकला तोही लेरॉयच, थायलंडच्या बुकचा. त्या दिवशी ज्यांना नवीन कॅरेक्टर उचलायची सवय होती ते पुढे गेले हे उघड आहे.

तरी मी असं म्हणत नाहीये की एकच खेळू नका. माझं सगळ्यात आवडतं टेक्केनचं उदाहरण कोरियाच्या रँगचूचं आहे. २०१८ च्या वर्ल्ड टूरची फायनल, ॲमस्टरडॅम, आणि जिंकलं कोण तर पांडा. अस्वल घेऊन कोणी जगातली सर्वात मोठी टेक्केन स्पर्धा जिंकेल असं कोणाला वाटलं होतं? मी त्या रात्री जागून बघितलं होतं आणि आजही आठवलं की अंगावर काटा येतो.

पण मग कोरियाचाच दुसरा खेळाडू, नी, बघा. तो जवळजवळ अख्खा रोस्टर खेळतो आणि तेही चांगल्या दर्जाने. का खेळतो? मला वाटतं खरा प्रश्न इथे आहे. सगळी कॅरेक्टर तो स्पर्धेला नेत नाही. पण ज्या कॅरेक्टरने आपण स्वतः शंभर मॅच हरलोय त्या कॅरेक्टरला काय नकोसं होतं ते आपल्याला आतून कळलेलं असतं. टेक्केनमध्ये एकेका कॅरेक्टरला शंभरच्या वर मूव्ह असतात, त्या यादी वाचून पाठ होत नाहीत हो. स्वतः खेळल्यावर होतात. मी जिनविरुद्ध सहा महिने हरत होते, मग पंधरा दिवस जिन खेळले आणि कळलं की जिनवाल्यांना कुठली स्ट्रिंग अर्धवट सोडायची सवय असते आणि का.

ठाकुर्ली_लोकल

मृदुलाताई, २०१८ गाळलं हे खरं, चूक मान्य. पण ती माणसं व्यावसायिक आहेत, दिवसाचे आठ-दहा तास देतात. नाशिककर दादाकडे दीड तास आहे. आणि हाकानवाली गोष्ट ऐकून दहा हजार पोरांनी काहीतरी भलतंच कॅरेक्टर उचललं असेल आणि पहिल्याच राउंडला घरी गेली असतील, त्यांची नावं कोणाला माहीत नाहीत.

जस्टिन वाँग बघा. २००९ ची इव्हो फायनल, समोर डायगोचा र्यू. जस्टिन कॅरेक्टर बदलत गेला. त्याच्याइतका अनुभवी आणि चतुर माणूस क्वचित असेल, आणि त्याने एक क्षण मॅच फिरवलीही होती. पण शेवटी जिंकला डायगो, जो पहिल्यापासून शेवटपर्यंत र्यूच होता, आणि पुढच्या वर्षी २०१० ला परत र्यू घेऊनच जिंकला.

मृदुला_नागपूर

आणि २०११ ला तोच डायगो युन घेऊन खेळत होता. स्ट्रीट फायटर ५ मध्ये र्यू कमजोर झाला तेव्हा २०१७ ला गाईलवर गेला. सहा मध्ये केन. डायगोला एका कॅरेक्टरचा माणूस म्हणणं म्हणजे फक्त पोस्टर बघणं झालं. तुमच्या धागाकर्त्यांना जवळचं उदाहरण हवं तर जपानचा इताबाशी झांगीफ घ्या, ज्याच्या नावातच झांगीफ आहे, तो सुद्धा पाच मध्ये ॲबिगेल खेळला.

तासांचा मुद्दा मात्र बरोबर आहे तुमचा. त्याला माझ्याकडे उत्तर नाही.

नवीनच_आलोय

मी तर अजून गोल्डला आहे, केन खेळतो. मला एक विचारायचं होतं की सुरुवातीला एकच धरावं की सगळी चाखून बघावीत? माझा मोठा भाऊ म्हणतो की तू दर आठवड्याला कॅरेक्टर बदलतोस म्हणून वर जात नाहीस. पण मला अजून कळतच नाहीये की मला काय आवडतं.

फ्रेम_मोजणारा

@नवीनच_आलोय, चाखून बघ, पण हरल्यावर बदलू नकोस. हरून बदललंस तर तुला कधीच कळणार नाही की कॅरेक्टर कमी पडलं की अँटी-एअर. गोल्डला ९० टक्के वेळा अँटी-एअरच असतो. बाकी ड्राइव्ह इम्पॅक्ट (मार झेलत घुसणारा जोरदार फटका), ड्राइव्ह रश (झपकन पुढे सरकणं), पॅरी (येणारा मार झेलून निष्प्रभ करणं), थ्रो टेक (पकड सोडवणं) या गोष्टी सगळ्यांना सारख्याच आहेत, त्या एकदा शिकलास की कुठेही गेलास तरी सोबत येतात. २६ फ्रेमचा ड्राइव्ह इम्पॅक्ट समोरून आला की उलटा मारता यायला हवा, मग केन असो की कोणी. आणि या गेममध्ये प्रत्येक कॅरेक्टरचा रँक वेगळा असतो त्यामुळे दुसरं खेळल्याने केनचा रँक उतरणार नाही, तेवढी भीती काढून टाक.

अण्णा_९७

पोरांनो मी तुमच्यापेक्षा वयानं मोठा, कोल्हापूरचा, आमच्या वेळी हे ऑनलाईन वगैरे काय नव्हतं. स्टँडच्या मागं एक पार्लर होतं, पत्र्याचं शेड, आत चार मशीन, एकावर मुस्तफा, एकावर किंग ऑफ फायटर्स ९७ आणि त्याच्याभोवती कायम दहा-बारा जणांचा घोळका. रुपयाचं नाणं मशीनच्या काचेखाली ओळीनं लावून ठेवायचं, म्हणजे पुढचा नंबर आपला. हरला तो उठला. त्यामुळं तिथं हरणं म्हणजे लय महाग काम.

आता ९७ मध्ये तीन जणांची टीम घ्यावीच लागते, म्हणजे तुमचा हा प्रश्नच तिथं उद्भवत नाही असं वाटेल, पण तसं नव्हतं. बहुतेक पोरं एकच खेळायची, इयोरी, आणि बाकीचे दोन नावाला. इयोरी पहिला पाठवायचा, तो जिंकेल तेवढं जिंकेल, तो पडला की पुढचे दोघं पाच सेकंदात पडायचे. आमच्यात एकच जण होता, वायरमनचं काम करायचा, तो गोरो दाइमोन, क्यो आणि चिझुरू असे तिन्ही सारख्या ताकदीनं खेळायचा आणि त्याला सकाळपासून दुपारपर्यंत कोणी उठवू शकत नव्हतं. एका रुपयात.

मी त्याला एकदा विचारलं की दादा तुला इयोरी येतो का, तर म्हणाला येतो की, सगळ्यात चांगला तोच येतो. मग खेळत का नाहीस, तर म्हणाला, इथं सगळेच इयोरी खेळतात म्हणून मी घरी बसून आधी इयोरी शिकलो, भावाबरोबर, आणि मग त्याला मारायचं कसं ते शिकलो. ती गोष्ट मी पंचवीस वर्षं विसरलेलो नाही.

आता दुसरं सांगतो. माझे वडील तालमीत जायचे. लाल माती, पहाटे चारला उठणं, जोर, बैठका, सगळं. ते सांगायचे की प्रत्येक मल्लाचा एक हुकमी डाव असतो. कुणाचा ढाक, कुणाचा एकलंगी, कुणाचा घिस्सा. मैदानात उतरल्यावर घाई-गडबडीत तोच लागतो, आणि तो इतका घोटलेला पाहिजे की समोरच्याला माहीत असून सुद्धा लागला पाहिजे. पण प्रत्येक डावाला तोड असते, आणि तोड कशी शिकवायचे वस्ताद? आधी तो डाव तुला मारायला लावायचे. ढाकेची तोड शिकायची तर आधी चार दिवस ढाक मारायची, मारताना आपला तोल कधी जातो, पाय कधी हलका होतो ते अंगाला कळतं, आणि मग दुसरा ढाक मारायला आला की तोच क्षण पकडायचा. म्हणून तालमीत सगळे डाव सगळ्यांनी करायचे, आणि मैदानात आपापला हुकमी.

नाशिककर भावा, तू तर पैलवानच घेतलायस. तुझा हुकमी डाव सोडू नको. पण गाईल हातात घेऊन बघ की एकदा. ल्यूक कशाला, तो तर तुझा वैरीच नाय.

झांगीफ_नाशिककर

अण्णा, तुमचा प्रतिसाद तीनदा वाचला. हे डोक्यातच आलं नव्हतं. मी दुसरं कॅरेक्टर म्हणजे हत्यार असा विचार करत होतो.

टोरंटोकर_सध्या

उशिरा लिहितोय, इकडे आत्ता सकाळ झाली. अण्णांना पूर्ण अनुमोदन, फक्त एक अपवाद नोंदवून ठेवतो म्हणजे चित्र पुरं होईल.

मी स्मॅश ब्रदर्स मेली खेळतो, २००१ चा गेम, इकडे अजूनही लोक जुने डब्बा टीव्ही उचलून घेऊन येतात त्यासाठी. मेलीत स्वीडनचा आर्मडा होता, पीच खेळायचा. त्याला एकच मोठी अडचण, हंग्रीबॉक्सचा जिग्लीपफ. तर त्याने त्या एका माणसासाठी, त्या एका कॅरेक्टरसाठी, यंग लिंक तयार केला. नंतर फॉक्सही. आणि ते चाललं. पण बघा त्यात काय काय जुळून आलेलं होतं, एकतर तो पीचने बाकी जवळजवळ सगळ्यांना मारत होता, दुसरं म्हणजे मोठ्या स्पर्धेच्या शेवटी समोर कोण येणार हे त्याला आधीच माहीत होतं. तुमच्या ब्रॅकेटमध्ये शेवटी नक्की गाईलच येणार हे ठाऊक असेल तर दुसरं हत्यार परवडतं. मला तरी माझ्या शनिवारच्या लोकलला कोण येणार ते माहीत नसतं.

आणि तिकडेच दुसऱ्या टोकाला जपानचा आम्सा. योशी. फक्त योशी. लोकांनी किती वर्षं सांगितलं की योशीने फार तर टॉप ८ होईल, पुढे नाही. तो बदलला नाही. ऑक्टोबर २०२२ ला त्याने द बिग हाऊस १० जिंकलं. मी स्ट्रीम बघत होतो आणि खोलीत एकटाच उभा राहून टाळ्या वाजवत होतो. मला विचाराल तर एकच कॅरेक्टर घेऊन बसण्यातलं सुख हे आहे, आणि ते जिंकण्याच्या शक्यतेत मोजता येत नाही. आपल्याला ज्याचा हात आवडतो त्याच्याबरोबर म्हातारं व्हायचं.

ठाकुर्ली_लोकल

आम्साचं नाव निघालं, बरं वाटलं. आणि हांगझोऊचं पण लिहा कोणीतरी. २०२३ चे आशियाई खेळ, स्ट्रीट फायटर ५, सुवर्ण कोरियाच्या किम ग्वान-वूला, वय ४४, नख्यावाला वेगा घेऊन. आपले भारताचे दोघं पण होते त्या स्पर्धेत. तो माणूस वर्षानुवर्षं तेच कॅरेक्टर खेळत आलाय. फायनलला समोर तैवानचा गेमरबी, तोही जुना खेळाडू. ४४ व्या वर्षी देशासाठी सुवर्ण, आपल्या आवडत्या कॅरेक्टरने. मी ३८ चा आहे, ऑफिसमध्ये हे दाखवत फिरलो होतो.

अण्णांच्या म्हणण्याला मात्र माझा विरोध नाही. डाव मारून बघणं वेगळं आणि मैदानात काढणं वेगळं, हा फरक मी आधी करत नव्हतो.

मृदुला_नागपूर

मी सुद्धा नेमकं हेच सांगत होते, अण्णांनी मातीतून सांगितलं म्हणून पोचलं :)

अजून एक जुनी गोष्ट याच मुद्द्यावर. २००४ चा तो डायगोचा प्रसंग सगळ्यांनी पाहिला असेल, स्ट्रीट फायटर ३ चा थर्ड स्ट्राइक, केनची लाइफ संपत आलेली आणि चुन-लीचा सुपर पायान् पाय पॅरी केलेला. लोक म्हणतात बघा केनवर काय हुकूमत आहे. मला तर तिथे चुन-लीवरची हुकूमत दिसते. पॅरी सगळ्यांची सारखीच. पण तो सुपर कुठल्या लयीत येतो, शेवटचा पाय किती उशिरा पडतो, आणि पहिला पॅरी तर आधीच ओळखून टाकावा लागतो, हे ज्ञान समोरच्या कॅरेक्टरचं आहे. मग शेवटच्या पायाला उडी मारून हवेत पॅरी, आणि तिथून केनचा कॉम्बो. तो कॉम्बो फक्त केनचा होता.

नाशिककर, रेकॉर्डिंगवाला डमी लावून नुसतं समोरून बघू नका, हातात गाईल घ्या आणि रँकला जा. हरा. आमच्या टेक्केन ८ मध्ये तर रिप्लेच्या मधूनच कंट्रोल हातात घेता येतो, हरलेली मॅच त्याच क्षणापासून परत खेळून बघता येते, मी अर्धा सराव त्यावरच करते.

झांगीफ_नाशिककर

धागा वर काढतोय. सात आठवडे झाले. काय झालं ते सांगायला हवं कारण तुम्ही सगळ्यांनी एवढं मनापासून लिहिलं होतं.

ल्यूक सोडला. आठवड्यातले दोन दिवस गाईल, बाकीचे झांगीफ असं ठरवलं. पहिले दहा दिवस फार वाईट गेले, मला चार्ज कॅरेक्टरची सवयच नाही, मी आयुष्यभर स्टिक गोल फिरवलीये आणि इथे मागे धरून बसून राहायचं. प्लॅटिनमच्या पोरांनी धुतलं. पण तिसऱ्या आठवड्यात एक गोष्ट लक्षात आली जी मी याआधी व्हिडिओत पन्नास वेळा ऐकली होती आणि तरीही मला माहीत नव्हती. गाईलला पुढे चालायचं असेल तर चार्ज सोडावा लागतो. बूम टाकली आणि तिच्या मागून चालत निघालो की तेवढा वेळ माझ्याकडे काहीच नाही, बूम नाही, फ्लॅश किक नाही, परत मागे धरून पाऊण सेकंदाच्या आसपास बसलो की मग परत सगळं. आणि त्या मधल्या वेळात कोणी अंगावर आलं की पोटात गोळा येतो. मला कधी माहीतच नव्हतं की गाईलवाल्याच्या पोटात गोळा येतो! मी तर त्याला भिंत समजत होतो.

दुसरं म्हणजे बूमवर बूम टाकताना गाईलवाला समोरच्याचा ड्राइव्ह गेज (ड्राइव्हवाल्या मूव्ह ज्यावर चालतात ती पट्टी) बघत असतो. मी झांगीफ असताना ब्लॉक करत राहायचो, गेज झिजत जायचा, आणि तोच गाईलला हवा असतो. पॅरी करणारा समोर आला की मला गाईल म्हणून चिडायला व्हायचं, कारण बूमा खाऊन त्याचा गेज उलट भरत होता. मग मी झांगीफने पॅरी धरायला लागलो. फार साधी गोष्ट आहे, कुठल्याही गाईडमध्ये पहिल्या पानावर असेल. पण आधी मी ती आठवून करायचो आणि आठवेपर्यंत कोपऱ्यात पोचलेलो असायचो. आता समोरच्याला काय नकोय ते माहीत आहे म्हणून करतो.

त्या दिवशी ज्याने हरवलं त्या मुलाशी ओळख झालीये, हिंजवडीलाच असतो. दर शनिवारी फर्स्ट टू टेन खेळतो. पहिल्या शनिवारी २-१० हरलो. मग ४-१०. मग परत ३-१०, त्या दिवशी फार निराश झालो होतो. गेल्या शनिवारी ८-१०. अजून जिंकलो नाहीये. मॅचअप वाईटच आहे आणि तो वाईटच राहणार, हेही गाईल खेळल्यावरच नीट समजलं, कारण गाईलच्या बाजूने तो खरंच सोपा वाटतो. पण आता हरतो तेव्हा कुठल्या पावलावर हरलो ते मला सांगता येतं.

फ्रेम_मोजणारा

२ वरून ८. बूमच्या मागून चालणाऱ्यावर उडी मारताय की ड्राइव्ह रश?

झांगीफ_नाशिककर

दोन्ही. जवळ असेल तर उडी, लांब असेल तर पॅरी करून तिथूनच रश. पण त्याला आता कळलंय, तो चालायचाच थांबला. आणि तो चालायचा थांबला की मी चालतो, हळूहळू, एकेक पाऊल, आणि कोपरा त्याचा होतो.

अण्णा_९७

हां! त्याला म्हणतात अंगाला कळणं. शाब्बास भावा. घरी माझा पोरगा आता हे सहा नंबरचं खेळतो, त्याला वाचून दाखवलं.

नवीनच_आलोय

मी केनवरच राहिलो दादा लोक. प्लॅटिनम झालो काल. भावाने पार्टी दिली.

ठाकुर्ली_लोकल

अभिनंदन दोघांचं. मी पण गेले तीन आठवडे माझ्या नावडत्या धालसिमला हात घातलाय, फक्त समजून घ्यायला, सांगून ठेवतो. नाशिककर, पुढच्या शनिवारचा स्कोर इथे टाक.

झांगीफ_नाशिककर

टाकतो, पण पुढच्या शनिवारी फर्स्ट टू टेन होईल की नाही माहीत नाही. काल त्या मुलाचा मेसेज आला, म्हणाला तू गेल्या महिन्यापासून वेगळाच खेळतोयस, काय केलंस? मी खरं ते सांगितलं, तुझं कॅरेक्टर खेळत होतो म्हणून. तर म्हणतो मग मला झांगीफ शिकव, मी तीन दिवस झाले ट्रेनिंग मोडमध्ये बसलोय आणि स्क्रू पाइल ड्रायव्हर (स्टिक गोल फिरवून मारायची झांगीफची पकड) निघायच्या आधी उडीच निघते. शनिवारी अकराला त्याच्याकडे जातोय, माझी स्टिक घेऊन, कारण त्याच्याकडे फक्त बटणांचा लीव्हरलेस आहे आणि मला तरी हे काम गोल फिरवूनच शिकवता येतं.